दुसरा खिळा

आईच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी आम्ही मुळशीच्या तळ्यात, बोटीत बसून केली, हे मी सासरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला ठाऊक आहे, पण त्याच्याकडून काही फुटायची भीती नाही. मी सांगितलेलं निम्मं त्याला ऐकू येत नाही आणि उरलेलं त्याच्या लक्षात राहत नाही.

गोष्ट गेल्या हिवाळ्याच्या तोंडाची. आई तळ्याजवळच्या माले गावात एकटी राहत होती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. गावातल्या शाळेत ती खिचडी शिजवायची, ते काम गुडघ्यांनी सोडायला लावलं. त्यानंतर कोंबड्या, दारातली वांगी-मिरच्या आणि टीव्ही, एवढ्यातच तिचा दिवस संपायचा. मी लग्न होऊन मारुंजीला आलेली, कामाला हिंजवडीत. जमेल त्या रविवारी माल्याला जायचे, तिला ओरडायचे आणि परत यायचे. मग पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली. तशीच रात्रभर पडून राहिली. सकाळी दूध घालणाऱ्या बाईनं हाका मारल्या, ओ आली नाही, तेव्हा दार उघडलं गेलं. हाड मोडलं नव्हतं. "काय झालं न्हाई," असं आई आजही म्हणते. मला मात्र तेव्हापासून तिनं फोन उचलायला जरा उशीर केला की मी रिंग मोजत बसायचे.

तिला मारुंजीला आणून बघितलं. आमची जागा भाड्याची. घरमालक माणूस बरा आहे, फक्त भिंतीत खिळा मारू देत नाही. करार करतानाच त्यानं बजावलं होतं की रंग नवीन आहे, कॅलेंडरसुद्धा लावायचं नाही. आमचं कॅलेंडर फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं असतं. आई आली ती बाबांचा फोटो घेऊन आली. टॉवेलात गुंडाळलेला, काचेच्या चौकटीतला, बऱ्यापैकी मोठा फोटो. लावायचा कुठे? शेवटी फ्रिजवर, भिंतीला टेकवून ठेवला. संध्याकाळी आई त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची आणि तेवढ्यात फ्रिज सुरू झाला की फोटो थरथरायचा. पहिल्यांदा मला हसू आलं. आईला नाही आलं. आठवडा काढला असेल नसेल, एका सकाळी फोटो टॉवेलात गुंडाळला आणि म्हणाली, "ह्यांना हितं बरं वाटत न्हाई." मी रिक्षा बोलावली. भांडण वगैरे काही झालं नाही.

पौडच्या विहारात पौर्णिमेला येणाऱ्या एक मावशी आहेत. सगळ्यांच्या घरातली उपवर मुलं-मुली त्यांना तोंडपाठ असतात. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि भुकूमच्या एका गृहस्थांबद्दल सांगितलं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, पत्नी वारलेली, घर स्वतःचं, मुलगा-सून दोघं कामावर जाणारे, नात शाळेत. मला वाटलं माझ्या चुलत नणंदेसाठी स्थळ सांगतायत, म्हणून मी म्हटलं, "वय जास्त वाटतंय." मावशी म्हणाल्या, "तुझ्या आईला जास्त न्हाई." मी चप्पल घालायची थांबले.

आपल्या आईचं लग्न ही कल्पना गिळायला वेळ लागतो. मला एक अख्खा पौड रस्ता लागला. चांदणी चौकापर्यंतची वाहतूक मुंगीच्या पावलानं सरकत होती म्हणून बरं झालं. भूगाव ओलांडेपर्यंत मला राग आला होता, त्यानंतर लाज वाटली, आणि घराशी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात न्हाणीला रबरी चटई आणि आईला सोबत, अशी दोन्ही कामं उरकून टाकली होती. खरं सांगायचं तर मला आईच्या सुखापेक्षा माझ्या झोपेची काळजी जास्त होती. ती तिथे पडली तर आता कुणीतरी ऐकेल, एवढाच माझा हिशेब होता.

आई आधी हसली. मग म्हणाली, "मला येडी समजती का तू." मग दोन रविवार विषय बंद. तिसऱ्या रविवारी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता तिनं आपणहून विचारलं, "आन् ह्यांचा फोटो कुठं न्यायचा?"

मी म्हटलं, "माझ्याकडे ठेवू."

"फ्रीजवर?"

 तिचं न जाण्याचं कारण तेवढंच होतं. लोक काय म्हणतील, वय काय, हे सगळं ती वरवर बोलायची. मुळात बाबांना एकटं टाकून जायचं नाही, आणि दुसऱ्याच्या घरात दुसऱ्या माणसाचा फोटो घेऊन जाताही येत नाही, असा तिचा पेच होता. मला तो सोडवता येत नव्हता, म्हणून मी तो लांबवला. म्हटलं, "आधी माणूस तर बघ. आणि पहिल्याच भेटीत बाबांचा विषय काढू नकोस." गेलेल्या माणसाचा फोटो हा काही पहिल्या भेटीत बोलायचा विषय नाही, असं माझं ठाम मत होतं. माझी बरीच मतं ठाम असतात.

मग बघायचं कुठे, हा घोळ सुरू झाला. आमच्या घरी नको, कारण माल्यात एका दारी नवी चप्पल दिसली तरी चारचौघांत चर्चा होते. त्यांच्या घरी नको, कारण आधी मुलीनं मुलाच्या घरी जायचं नसतं. हे आईचंच म्हणणं. साठीच्या बाईनं स्वतःला मुलगी धरून नियम सांगावेत आणि ते मी मुकाट ऐकावेत, अशी वेळ आली होती. विहार नको, तिथे सगळे ओळखीचे. तळ्याकाठचं हॉटेल नको, कारण तिथे भांडी घासायला, वाढायला आमच्याच गावच्या बाया. शेवटी त्या गृहस्थांच्या मुलानं फोनवर सुचवलं, "ताई, बोटिंगला भेटूया का? छोटी राइड असते संध्याकाळची. मोकळं वातावरण, कोणी डिस्टर्ब करणार नाही."

आईला ते पटलं. अट एकच, काठावर ओळख दाखवायची नाही. आपण आपले, ते त्यांचे. बोटीत बसल्यावर काय बोलायचं ते बोलू. लपायला म्हणून तळ्याच्या मध्यावर जायचं, जिथे चारी काठांवरून माणूस दिसतं, ही आमच्या दोन्ही घरांची एकत्रित हुशारी.

"आन् आपल्याकडनं मोठं माणूस कोण?" आईनं विचारलं. बघायच्या कार्यक्रमाला घरातलं वडीलधारं माणूस लागतंच. मामाला कळवलेलं नव्हतं, तो गावभर करेल म्हणून. मी म्हटलं, "मी आहे की."

"तू ल्हान हायेस," आई म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

ठरलेल्या दिवशी मी नवऱ्याची गाडी घेऊन गेले तर आई घराला कुलूप लावून रस्त्यावरच उभी. पांढरी साडी, निळे बारीक काठ. वंदनेला, लग्नकार्याला नेसायची तिची ठेवणीतली साडी. आमच्यात नवरीलाही पांढरीच साडी असते, त्यामुळे त्यात मला वावगं काही वाटायला नको होतं. पण वाटलं. म्हटलं, "दुसरी नव्हती का? बोटीत मळेल." ती म्हणाली, "चांगली हीच हाय." हातात कापडी पिशवी, बरीच जड दिसत होती. मी पुढे अडकवायला मागितली तर दिली नाही. आईची पिशवी हा वेगळा विषय आहे. बस असो, जीप असो, रिक्षा असो, तिची पिशवी तिच्या मांडीवर. मी तिची पोटची मुलगी, पण मलाही ती कधी धरायला मिळालेली नाही. मला वाटलं पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी असेल. गाडीवर मागे बसून तिनं ती आमच्या दोघींच्या मध्ये धरली, आणि तळं येईपर्यंत कसलातरी कोपरा माझ्या पाठीला टोचत राहिला.

बोटिंगची जागा म्हणजे काठावर एक पत्र्याची शेड, चहा-मॅगीची टपरी, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाण्यात एक बोट. पाऊस सरून थोडेच दिवस झाले होते, तळं काठोकाठ होतं. ते दोघे आधीच आले होते. आम्ही ठरल्याप्रमाणे त्यांना ओळखलं नाही. त्यांनी इतकं मन लावून आम्हाला ओळखलं नाही की कुणालाही संशय यावा. गृहस्थ उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट खोचलेला. चष्मा पुसायचे, घालायचे, परत पुसायचे. आईनं एकदाच बघितलं, तेही पायांकडे. नंतर मला म्हणाली, "चपला पॉलिश करून आलाय."

मी बोटवाल्याला म्हटलं, "चला की, चार माणसं आहेत."

"अजून दोन शिटा येऊ द्या ताई. भरल्याबिगर सुटत न्हाई."

इथे कळलं की हा बोटवाला आधी पौड रस्त्यावर वडाप चालवायचा. जीप भरल्याशिवाय हलवायची नाही ही त्याची जन्माची सवय, ती त्यानं पाण्यातही आणली होती. रस्त्याकडे तोंड करून हात उंचावून तो "चला बोटिंग, बोटिंग, लगेच सुटणार" असं ओरडायचा. लगेच काही सुटत नव्हतं. आम्ही चौघं दोन बाकड्यांवर, एकमेकांना न ओळखत, सूर्य खाली जाताना बघत बसलो. गृहस्थांना राहवलं नाही. ते बोटवाल्याला म्हणाले, "वडापवाला न्हवं तू? स्टँडच्या तोंडाशी गाडी लावून आमची पाशिंजरं न्यायचास."

"व्हय, मास्तर," बोटवाला दात काढून म्हणाला. "आता धंदा बदलला. हितं यष्टी येत न्हाई."

आई पदराआड हसली. ते मी बघितलं आणि माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

शेवटी बावधनकडचं एक जोडपं आलं. तरुण, गोड, हातात फोन. त्यांना वाटलं आपलं नशीब चांगलं, बोट तयारच उभी. बोटवाल्यानं सगळ्यांना नारिंगी जॅकेटं चढवली. जॅकेटांना ओल्या गोणपाटाचा वास येत होता. आईची ठेवणीतली साडी त्याखाली झाकून गेली, फक्त खालचे काठ आणि डोक्यावरचा पदर उरला. मग बोटवाल्यानं जीपमध्ये बसवतात तसं बसवलं. "लेडीज म्होरं, जेन्ट्स मागं." आई, मी आणि ती मुलगी एका बाकावर, समोर गृहस्थ, त्यांचा मुलगा आणि मुलीचा नवरा. गुडघ्याला गुडघे लागतील इतकं अंतर. आमचा बेत दोघांना शेजारी बसवून आपण कोपऱ्यात सरकायचं, असा होता. त्याऐवजी बरोबर बघायच्या कार्यक्रमासारखी बैठक झाली, मुलीकडचे इकडे आणि मुलाकडचे तिकडे. जास्तीची होती ती फक्त बावधनची मंडळी. बोटवाला म्हणाला, "मावशी, पिशवी खाली ठेवा, वजन पडतंय." आईनं ती मांडीवर घट्ट धरली. त्या मुलीनं "मी घेऊ का?" विचारलं, तिलाही नाही म्हणाली.

बोट सुटली. मशीनचा आवाज असा की बोलणं अशक्य. बोटवाला मागून ओरडून माहिती सांगत होता. धरणाच्या भिंतीकडे न्यायची परवानगी नाही, तो डोंगर अमका, पाण्यात बुडालेलं देऊळ तिकडे, ते फार्महाऊस तमक्या माणसाचं. मी समोरच्या मुलाकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले. त्याचे वडील ताठ बसून पाण्याकडे बघत होते. कानाशी गार वारा लागत होता, पाण्यावर सोनेरी उजेड पसरला होता, पाणकावळे बुडी मारत होते. सगळं फिरायला आलेल्यांना आवडावं असंच होतं, आणि मला यातलं काहीही नको होतं. मला फक्त त्या दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं होतं. आज नाही बोलली तर आई परत येणार नाही, हे मला ठाऊक होतं. मग पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा फोन कानाशी धरून रिंग मोजत बसणार.

तळ्याच्या मध्यावर बोटवाल्यानं मशीन बंद केलं. "आता शांती घ्या," तो म्हणाला. "हितं बराबर खाली जुनं देऊळ हाय."

"मघाशी तिकडं म्हनलास," गृहस्थ म्हणाले.

"मोठं हाय, मास्तर."

मग खरंच शांत झालं. बोटीला लागणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. अशा शांततेत खाजगी बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. कुणी सुस्कारा टाकला तरी सगळ्या बोटीला कळणार.  बावधनच्या मुलीला ती शांतता सहन झाली नसावी. तिनं आईकडे वळून, अगदी मायेनं विचारलं, "आजी, आजोबांना जाऊन बरेच दिवस झाले का?"

"कशावरनं वळखलंस?"

"नाही म्हणजे… पांढरी साडी…" ती ओशाळली.

"आमच्यात लग्नातबी पांढरीच नेसत्यात," आई म्हणाली.

हे वाक्य तळ्याच्या मध्यावर, मशीन बंद असताना, पाच माणसांनी आणि एका बोटवाल्यानं ऐकलं. गृहस्थांना ठसका लागला. त्यांच्या मुलानं पाठीवर थापटलं. मी जॅकेटच्या पट्ट्याशी खेळत राहिले. आईला आपण काय बोललो ते एक क्षण उशिरानं कळलं असावं, कारण तिनं पदर आणखी पुढे ओढला.

पण त्यानं काम झालं. ती मुलगी बोलायला मोकळी झाली आणि वडापमध्ये होतं ते सुरू झालं. वडापमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना काहीही विचारतात, कुठलं गाव, मुलं किती, सून नांदती का, गुडघ्याला काय लावता. पौड येईपर्यंत दोन बायांना एकमेकींचं सगळं आयुष्य कळतं आणि उतरल्यावर त्या ओळखही ठेवत नाहीत. मुलीनं गृहस्थांना विचारलं, "आणि काका, तुमच्या घरी कोण कोण?"

"ल्योक, सून, नात. सकाळी सगळी जात्यात. मग मी आन् भिंती." थोडं थांबून म्हणाले, "मंडळी वारली. भिंतीवर फोटो हाय तिचा."

मी डोळे मिटले. पहिल्या भेटीत हा विषय नको म्हणून मी आईला इतकं बजावलं होतं, आणि या माणसानं तो सरळ बोटीच्या मध्यात ठेवला.

आईनं मान वर केली. त्या संध्याकाळी तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा.

"रोज काय लावता का पुढं?"

"मेणबत्ती. सांच्याला वंदना झाली की."

"हार?"

"हार न्हाई. वाळला की उगी केविलवाणा दिसतो. दारात तगर हाय, तिची दोन फुलं ठेवतो. तिलाबी तीच आवडायची."

"भिंत मातीची का शिमिटाची?"

त्या मुलीच्या नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. माणसं असले प्रश्न का विचारतात, ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. मला कळत होतं. मी पाणकावळ्यांकडे बघत होते.

"शिमिटाची," गृहस्थ म्हणाले. "लांबरुंद हाय. सूनबाई म्हनत व्हती घड्याळ लावू, मी म्हनलं ऱ्हाऊ दे."

"एकच खिळा हाय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. वाऱ्यानं बोट हळूहळू आडवी होत होती आणि सूर्य त्यांच्या डोळ्यांवर यायला लागला होता.

"दोन हायेत," ते म्हणाले. "तिचा लावला तवाच दुसरा मारून ठिवला बाजूला. माझ्यासाठी. परत कुणाला भोकं पाडाय लागू नयेत म्हनून." मग हसले. "पर मला काय येवढी घाई न्हाई. तवर कुणाला तो खिळा लागला, तर लागू दे की."

त्यांचा मुलगा दुसरीकडे बघायला लागला. त्याला तो खिळा माहीत होता, आणि कशासाठी आहे तेही. बावधनची मुलगी नवऱ्याच्या दंडाला धरून बसली होती. तिला काय समजलं कोण जाणे, पण ती फोन काढायचं विसरली होती.

 मांडीवरच्या पिशवीवर आईनं दोन्ही हात ठेवले होते, आणि तिचा अंगठा कापडावरून पुढे-मागे फिरत होता.

"झाली का शांती?" बोटवाल्यानं विचारलं आणि मशीन चालू केलं.

परत येताना मशीनपुढे बोलता आलंच नसतं. मला कळत नव्हतं की जमलं की मोडलं. आईचा चेहरा मी वाचू शकते असं मला नेहमी वाटतं, आणि महत्त्वाच्या वेळी तो बंद दुकानासारखा असतो. बोट काठाला लागली. आधी ते जोडपं उतरलं, मग गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. बोट हलत होती. बोटवाला म्हणाला, "मास्तर, मावशीला हात द्या जरा." गृहस्थ वळले आणि त्यांनी हात पुढे केला.

आईनं हात धरला नाही. तिनं पिशवी पुढे केली.

मी मागे उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मी आईची पिशवी दुसऱ्याच्या हातात जाताना बघितली.

"नीट धरा," आई म्हणाली. "काच हाय."

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. आई बोटीचा दांडा धरून, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी, आपली आपण खाली उतरली. मी तिच्यामागे उडी मारली आणि दबक्या आवाजात विचारलं, "काय आहे पिशवीत?" विचारता विचारताच पाठीला टोचलेला कोपरा आठवला.

"तुझं बाबा," आई म्हणाली. आवाज दबका नव्हता. "बघायच्या कार्यक्रमाला घरातलं मोठं माणूस नको व्हय?"

मला रडू आलं. ते कुणाला दाखवायचं नव्हतं म्हणून मी सगळ्यांची जॅकेटं गोळा केली आणि शेडमध्ये द्यायला गेले. तिथे ती एकेक करून खुंटीला अडकवत बसले, बोटवाल्याचं काम होतं तरी. मला आनंद झाला होता की काही हातातून गेलं होतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बाबांचा फोटो तिकडे लागायचा म्हणजे माल्याच्या घराची भिंत रिकामी होणार, आणि मी माहेरी म्हणून भुकूमला जाणार, एवढं मात्र तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं.

बाहेर आले तेव्हा ते टपरीवर बसले होते. ओळख न दाखवायचं सगळेच विसरले होते. मुलगा चहा सांगायला गेला होता. एका बाकड्यावर आई, आणि मध्ये एका माणसाची जागा सोडून ते गृहस्थ. टेबल मोकळं होतं, खालची फरशी कोरडी होती. पण पिशवी त्यांनी कुठेच ठेवली नव्हती. चहा येऊन निवला तरी ती त्यांच्या मांडीवर होती, दोन्ही हातांनी धरलेली, आईनं बोटीत धरली होती तशी.